कोल्हापूरचा वळीव आणि जयंतीचा मांडव

कोल्हापूरच्या चैत्र-वैशाखाचा भरवसा धरता येत नाही. सकाळपासून अंग भाजून काढणारे ऊन असते. दुपारी तीन-चारच्या सुमारास एकाएकी ढग दाटून येतात, धुळीचा लोट उठतो, गार वाऱ्याचा सपाटा बसतो आणि टपोरे थेंब पडू लागतात. कधी गाराही पडतात. तासाभरात सारे आटोपते आणि आभाळ पुन्हा स्वच्छ होते. हा वळीव. शेतकऱ्याला तो हवाहवासा वाटतो, कारण त्यामुळे नांगरट सोपी होते. आपल्या धम्मबांधवांना मात्र त्याचा धाक बाळगावा लागतो. १४ एप्रिलची भीमजयंती, ६ मेचा राजर्षी शाहू महाराजांचा स्मृतिदिन आणि वैशाख पौर्णिमा हे आपले मैदानी कार्यक्रमांचे दिवस नेमके वळवाचेच दिवस आहेत. मांडव आपला आणि वारा त्याचा, अशी गाठ दरवर्षी पडते.

आम्ही कोल्हापूरला निघालो ते मुळात माणगावची ऐतिहासिक भूमी डोळ्यांनी पाहावी म्हणून. मांडवाचे शास्त्र वाटेत शिकायला मिळाले. ते घरोघरी आणि मंडळा-मंडळांत पोचावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

एस.टी. स्टँडवर उतरून आम्ही प्रथम बिंदू चौक गाठला. येथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे शेजारी शेजारी उभे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसविले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते, ही गोष्ट मुलांना मुद्दाम सांगावी. याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले होते. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असा प्रश्न असताना शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तेथे चहा घेत आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावीत. हार घालून, वंदन करून आम्ही रेल्वेने रुकडीला गेलो आणि तेथून माणगावला.

माणगावची परिषद २१ आणि २२ मार्च १९२० ला भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. वय अठ्ठावीस, 'मूकनायक' सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. शाहू महाराज जातीने आले आणि यापुढे तुमचा पुढारी हाच, असे त्यांनी जमलेल्या लोकांना सांगितले. परिषद घडवून आणण्यात गावचे जैन समाजाचे आप्पासाहेब पाटील यांचा मोठा वाटा होता. आपल्या माणसांना सभेसाठी चार खांब रोवायला जागा मिळणे हेच त्या काळी अवघड होते. महाडला डिसेंबर १९२७ च्या परिषदेच्या वेळी गावात कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपल्या जमिनीवर मांडव घालू दिला. त्याआधी मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी पिऊन आलेले लोक मांडवात जेवत असताना त्यांच्यावर हल्ला झाला होता. मांडव म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे हे सारे येते. त्यामुळे मांडवाकडे भाड्याने आणलेले कापड म्हणून पाहणे आम्हाला जमत नाही.

परतताना कोल्हापूरच्या अलीकडे एका मोकळ्या मैदानात मोठा खांबी तंबू उभा राहात होता. दोन दिवसांनी तेथे धम्म मेळावा होता. आम्ही जयभीम घालून थांबलो. मांडव घालणारे मामा साठीच्या पुढचे, डोक्याला पंचा गुंडाळलेला, हातात मोजपट्टी. जत्रेतले सिनेमाचे तंबू आणि तमाशाच्या कनाती उभ्या करण्यात त्यांची उमर गेलेली. आम्ही विचारले, "मामा, दोन दिवस आधीच का?" ते म्हणाले, "पावणं, वारं काय सांगून येतंय व्हय? आज हुबा केला तर उद्या त्येचं कुठं दुखतंय ते कळंल."

मंगल कार्यालयाच्या दारातला मांडव आणि खांबी तंबू यांत मोठा फरक आहे. पाइपांचा सांगाडा केलेला मांडव स्वतःच्या पायांवर उभा असतो. खांबी तंबूला सांगाडाच नसतो. खांब कापडाला वर ढकलतात, दोर कापडाला खाली आणि बाहेर ओढतात. या ओढाताणीतच तंबू उभा राहतो. या दोरांना 'तणावे' म्हणतात आणि नाव अगदी बरोबर आहे. तणावा सैल पडला की खांबाला आधार उरत नाही. म्हणजे तंबूचे खरे बळ दिसणाऱ्या खांबांत नसून जमिनीत गाडलेल्या मेखांत असते. आणि नेमका मेखांवरच आपण सर्वांत कमी पैसा खर्च करतो!

मामांनी कापडाला हात लावण्याआधी जमीन पाहिली. वरून विजेची तार जाते का, खालून पाण्याची पाइप किंवा केबल गेली आहे का, हे मैदानाच्या माहितगाराला विचारून घेतले. मग पहारीने दोन-तीन ठिकाणी उकरून माती पाहिली. पंचगंगेच्या काठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत मेख सैल बसते. तीच माती वळवाने भिजली की लोण्यासारखी होते आणि मेख हाताने उपसून येते. मुरमाड जमिनीत ठोकायला घाम निघतो, पण एकदा बसलेली मेख हलत नाही. येथे माती काळी होती, म्हणून त्यांनी लांब मेखा काढल्या आणि कोपऱ्यांना एकीमागे एक अशा जोडमेखा मारल्या.

तंबू चाळीस फूट रुंद, ऐंशी फूट लांब. कडेचे खांब दहा फुटी. खांबाची जेवढी उंची, तेवढेच मेखेचे अंतर, हा मामांचा हिशेब. त्यामुळे तणावा जमिनीशी साधारण पंचेचाळीस अंशांत उतरतो. याचा अर्थ चाळीस बाय ऐंशीच्या तंबूला साठ बाय शंभर फूट जागा लागते. आपली मंडळे कापडाच्या मापाची जागा धरतात आणि मग तणावे कुंपणाला, झाडाला, नाहीतर शेजारच्याच्या मोटारसायकलला बांधतात. हा विनोद नाही, आम्ही पाहिलेले आहे.

आधी सर्व मेखा ठोकल्या. मग कापड पसरून त्याचे पट्टे एकमेकांना दोरीने ओवले. तणावे मेखांना सैलसरच अडकवले. त्यानंतर चार कोपऱ्यांचे खांब, मग कडेचे, आणि शेवटी मधले तीन उंच खांब. मधल्या खांबाच्या बुडाशी जाड फळी ठेवली, म्हणजे तो ओल्या मातीत रुतत नाही. खांब उचलताना हुकूम फक्त मामांचा. खांबाच्या पडण्याच्या वाटेत कोणी उभे राहायचे नाही, मुले तर मैदानाबाहेरच. तणावे ताणताना समोरासमोरच्या माणसांनी एकाच वेळी ओढायचे. एक बाजू आधी कसली की खांब कलतो. दोर मेखेला अगदी जमिनीलगत बांधायचा. तो मेखेच्या डोक्याशी बांधला तर वारा मेखेला तरफेसारखा उपटतो.

वाऱ्याचे गणित आम्ही घरी येऊन कागदावर मांडले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. दहा फूट उंच आणि वीस फूट लांब कनातीवर ताशी तीस किलोमीटरचा वारा सरळ आदळला, तर सुमारे ऐंशी किलोचा भार येतो. वारा साठचा झाला की तोच भार तीनशे किलोंच्या वर जातो. वळवात साठचा झोत ही काही नवलाची गोष्ट नाही. डांबरी रस्त्यावर मेख ठोकता येत नाही म्हणून पाण्याच्या पिंपांना दोर बांधणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. दोनशे लिटरचे भरलेले पिंप दोनशे किलोंचे असते, आणि ते रस्त्यावरून घसरतेसुद्धा. एका कनातीला एक पिंप कसे पुरेल?

पाण्याचा हिशेब असाच आहे. छतावर कापड झोळीसारखे लोंबले आणि दहा बाय दहा फुटांत तीन इंच पाणी साठले, तर तेवढ्याच पाण्याचे वजन सातशे किलो भरते. म्हणून छताला चांगला उतार हवा आणि कापड ताणलेले हवे. झोळ दिसली तर आधी खालची माणसे हलवावीत, मग काठीला कापड गुंडाळून खालून पाणी ढकलावे. चाकूने भोक पाडू नये.

वळीव येण्याआधी एक खूण मिळते. ढगातून गार हवा खाली कोसळते आणि जमिनीवर चहूकडे पसरते. पावसाच्या आधी अंगावर येणारा तो गार झोत हीच सूचना. तो आला की भाषण थांबवायचे आणि तंबू रिकामा करायचा. वक्ता कितीही मोठा असो! वाऱ्याच्या बाजूची कनात उघडी आणि समोरची बंद अशी स्थिती सर्वांत वाईट, कारण वारा आत शिरून तंबू फुग्यासारखा वर उचलतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस आकडे मोजून झाले नाहीत, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी तंबूच्या खांबाशी किंवा झाडाखाली थांबू नये. शाळा, विहार, पक्के घर किंवा बंद मोटार गाठावी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइलवरचे ॲप विजेची सूचना देते. ते एका कार्यकर्त्याने घ्यावे आणि त्या दिवशी त्याला दुसरे काम देऊ नये.

हे सारे भिववण्यासाठी लिहीत नाही. २३ जून २०१९ रोजी राजस्थानात तेव्हाच्या बाडमेर जिल्ह्यातील जसोल येथे कथेचा मांडव वादळात कोसळला आणि विजेचा प्रवाहही उतरला. चौदा माणसे गेली. १३ मे २०२४ ला घाटकोपरला वळवाच्या वादळातच १२० फूट उंच आणि तेवढाच रुंद जाहिरातफलक पेट्रोल पंपावर पडून सतरा जणांचा बळी गेला. तंबूच्या खांबांना शुभेच्छांचे फ्लेक्स बांधणाऱ्यांनी तो फलक आठवावा. फ्लेक्स म्हणजे वाऱ्यासाठी शीडच. फोटो छापायचे तर छापा, पण ते वेगळ्या चौकटीवर आणि तंबूपासून दूर लावा. आणि मांडव घातलाच नाही तर? १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या सरकारी सोहळ्यात लोकांना भर उन्हात उघड्यावर बसवले आणि उष्माघाताने चौदा जण दगावले. तेव्हा सावली हवीच, पिण्याचे पाणीही हवे.

आगीबद्दल तर आपण विशेष जपले पाहिजे. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणात डबवाली येथे शाळेच्या समारंभात विजेच्या ठिणगीने कृत्रिम धाग्याचा मांडव पेटला. वितळलेले कापड अंगावर पडत होते आणि बाहेर पडायला वाट अपुरी. चारशेहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक मुले. आपल्या प्रत्येक कार्यक्रमाची सुरुवात मेणबत्ती आणि अगरबत्तीने होते. मूर्तीमागे नायलॉनचा झुळझुळीत पडदा आणि त्याच्यापुढे पन्नास मेणबत्त्या, हे चित्र आम्ही अनेक ठिकाणी पाहतो. मेणबत्त्या पत्र्याच्या ताटात वाळू घालून त्यात लावाव्यात, पडद्यापासून दूर ठेवाव्यात आणि वंदना झाल्यावर एका उपासिकेने तेथेच बसून राहावे. कापड सुती, दोर काथ्याचे. मांडवाची उंची किमान तीन मीटर, भोवती साडेचार मीटर मोकळी जागा आणि कृत्रिम कापड वर्ज्य, असे भारतीय मानकही सांगते. भोजनदानाची चूल व गॅस तंबूबाहेर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वायरला जोड नको, लोखंडी खांबाला वायर गुंडाळू नये, आणि गळतीचा प्रवाह तोडणारे स्विच बसवल्याशिवाय दिवा लावू नये. बाहेर पडायच्या वाटा चारही बाजूंनी ठेवून कार्यक्रम सुरू होण्याआधी माइकवरून दाखवून द्याव्यात.

मेळाव्याच्या भगिनी तेथे सतरंज्या झटकत होत्या. तणाव्यांना कार्यकर्ते निळ्या पट्ट्या बांधू लागले तेव्हा त्यांतील एक मावशी म्हणाल्या, "निळं राती दिसत न्हाई बाळा. पांढरं बांध. पोरं अडकून पडत्याती." किती बरोबर! निळा ध्वज वर फडकू द्यावा, पायाशी पांढरी चिंधीच चांगली. मुले तणाव्याला लोंबकळून झोके घेतात, त्यावर लक्ष ठेवायचे कामही त्याच मावशींनी आपल्याकडे घेतले.

खर्चाचे एक स्पष्ट बोलले पाहिजे. कोल्हापूर भागात मोठ्या आवाजाच्या यंत्रणेला 'डॉल्बी' म्हणतात. तिच्यासाठी वर्गणी सहज जमते. जादा मेखा, रात्रीचा राखणदार किंवा आग विझवण्याचे नळकांडे मागितले की खजिनदार वही मिटतो. मोलमजुरी करणाऱ्या माणसाने दिलेल्या पैशातून पहिला खर्च त्याच्या मुलांच्या डोक्यावरच्या छतावर व्हायला हवा, असे आमचे मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल. आषाढ पौर्णिमेनंतर वर्षावास सुरू होतो, तेव्हा तर कोल्हापूरच्या पावसात मैदानी तंबूचा हट्ट धरूच नये. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'चे वाचन विहारातच बरे.

निघताना मामांना तंबू उतरवण्याबद्दल विचारले. आधी माणसे आणि सामान बाहेर, मग वीज बंद, मग मधले खांब, आणि कडेचे तणावे सर्वांत शेवटी सोडायचे. ओले कापड घडी घालून ठेवले तर आठ दिवसांत कुजते, म्हणून ते दोरीवर पसरून वाळवायचे. मेखा मोजून पोत्यात भरायच्या आणि जमिनीतली भोके मातीने बुजवायची. दुसऱ्या दिवशी त्या मैदानात पोरे अनवाणी खेळायला येतात.