साध्या पाकिटाचा प्रवास

माझा भाचा अमेरिकेंत असतो. बेसबॉलपटूंचीं चित्रकार्डें, २॥ इंच रुंद व ३॥ इंच लांब, तो साध्या पाकिटांतून मित्रांस धाडितो. त्याची रीत मला मननीय वाटली. कार्ड पातळ पारदर्शक पिशवींत घालून दोन पातळ पुठ्ठ्यांमध्यें ठेवावें; पिशवी पुठ्ठ्यास चिकटवावी, म्हणजे कार्ड सरकत नाहीं. पाकीट पाव इंचाहून जाड नसावें व किंचित् वांकावें, कारण टपालाचें यंत्र त्यास वळवीत नेतें. ताठ पाकिटास जादा हशील पडतें. मौल्यवान कार्ड असें धाडूं नये. साधें पत्र हरवल्यास सहसा माग लागत नाहीं. बालमित्रहो, देवघेवींत कोणा एकानें आधीं धाडावेंच लागतें. म्हणून स्वस्त कार्डहि निर्दोष पोंचविणें हें विश्वासाचेंच रक्षण होय.