अर्धा कप

आदर लांबून करता येतो. कीवही लांबूनच येते, रस्त्यापलीकडच्या अनोळखी माणसाचीसुद्धा. कौतुकाला तर ओळखही लागत नाही. सचिन तेंडुलकरने आपल्याला कधी जेवायला ताटकळत ठेवलेलं नसतं. माया मात्र ज्याने आपल्याला थोडंफार पिडलंय त्याच्याविषयीच वाटते, असं माझं आपलं मत आहे.

माझी आत्या आल्यागेल्याला कप भरून चहा देते. आतोबांना मात्र अर्धाच. कारण पेपरात डोकं घातलं की उरलेला अर्धा ते हटकून गार करतात आणि मग आतून हाक येते, ‘‘अगं, हा गार झाला!’’ म्हणून ती निम्मा चहा पातेल्यातच झाकून ठेवते, हाक आली की गरम करते आणि पुटपुटत नेऊन देते. पुटपुटणं अगदी खरं असतं, लटकं नाही. पाहुण्याला भरलेला कप मिळतो तो रीत म्हणून. अर्धा कप मिळायला तुमच्या खोडी कुणाला तरी पाठ असाव्या लागतात.

ही तर नुसती सवय, असं कुणी म्हणेल. पण सवय मोडली की आपली गैरसोय होते, तेवढंच. आतोबा दवाखान्यात होते तेव्हा आत्याच्या मागचं हे काम उलट सुटलं होतं. तरी ती तिथल्या सिस्टरना समजावत बसली होती, ‘‘त्यांना सगळा चहा एकदम देऊ नका हो.’’

प्रेमात पडलेल्याला दोष दिसत नाहीत म्हणतात. मायेला ते सगळे दिसतात, आणि चारचौघांत सांगायलाही ती कचरत नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो ते यासाठीच. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तोही बायकोला अंधारात ठेवून. त्यानंतर काही वर्षं दोघं वेगळी राहिली. या बाईंना कडवट पुस्तक लिहायचा पुरेपूर हक्क होता. त्यांनी टिळकांचा संताप लिहिला, धांदरटपणा लिहिला, हातात पैसा न टिकणं लिहिलं. कुठे चिडून, कुठे त्यांची फजिती चांगली रंगवून. मनात नुसता आदर असता, तर यातलं बरंचसं गाळावं लागलं असतं.