हयगयीचा शेरा

‘ग्राहकाच्या हयगयीमुळे अंतर्भागात क्षार साचून बॉयलर निकामी झाला आहे, सबब हमी लागू होत नाही,’ असा शेरा मारलेला एक छापील कागद माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे, आणि कॉफीच्या एका घरगुती यंत्रापायी इतका मनस्ताप का करून घेता, असे जे आप्तेष्ट मला विचारतात त्यांच्यापुढे तो कागद ठेवण्यावाचून दुसरे उत्तर मला सुचत नाही. माझी उभी हयात पाटबंधारे खात्याच्या दफ्तरात गेली. एखाद्या पाटकऱ्याच्या सेवापुस्तकात कर्तव्यात कसूर केल्याची नोंद करण्यापूर्वी तेथे त्याचा लेखी खुलासा मागवावा लागे, जागेवर जाऊन पाहणी करावी लागे, पंचांच्या सह्या घ्याव्या लागत, आणि एवढे सोपस्कार होऊनही तो इसम वरिष्ठांकडे दाद मागायला मोकळा असे. येथे मात्र, मिळालेल्या प्रत्येक सूचनेचे पालन करीत आलेल्या मनुष्यावर, त्याची कैफियत ऐकून न घेता, उभ्या उभ्या ठपका ठेवण्यात आला.

यंत्र घरात कसे आले ते थोडक्यात सांगतो. मुलगी शिक्षणासाठी इटलीत तुरीनला होती. आम्ही उभयता तिच्याकडे राहायला गेलो आणि तेथील लहानशा पेल्यातल्या दाट कॉफीची आम्हांला गोडी लागली. वाफेच्या बळावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट आंजेलो मोरिओंदो याने 1884 साली घेतले ते याच तुरीनमध्ये, ही माहितीही तिचीच. परत आल्यावर तिने पुण्यातील एका विक्रेत्याकडून पितळी बॉयलरचे एक लहान यंत्र आम्हांला घेऊन दिले. बारीक दळलेल्या कॉफीतून सुमारे 9 बार दाबाने, 90 अंशांच्या थोडे वर तापलेले पाणी 25 ते 30 सेकंदांत पार करावयाचे, एवढेच त्याचे काम. पण ते तंतोतंत झाले तर चिकमगळूरच्या बियांतून जो अर्क उतरतो त्याची सर दुसऱ्या कोणत्याही रीतीला येत नाही.

यंत्र बसवून द्यायला जो मनुष्य आला त्याने, पाणी किती जड आहे ते यंत्रात नोंदवण्याची वेळ येताच, ‘पुण्याचं पाणी गोड आहे काका, काही होत नाही,’ असे म्हणून सर्वांत मृदू पाण्याचा आकडा लावला आणि माझी सही घेऊन तो निघून गेला. हा आकडा कशासाठी असतो, हे त्याने सांगितले नाही. मला ते पुढे कळले. अशा यंत्रावर डिस्केलिंगचा जो दिवा लागतो, तो आत क्षार किती साचला आहे हे पाहून लागत नसतो. किती पाणी वाहून गेले याची मोजदाद ठेवून, आणि लावलेल्या आकड्याशी तिचा मेळ घालून तो लागतो. आकडाच मृदू पाण्याचा असेल तर दिवा फार उशिरा लागणार, हे ओघानेच आले. तो लागे तेव्हा मी त्यांच्याच दुकानातून, त्यांनी सांगितलेलेच महागडे द्रावण आणून, पुस्तिकेत लिहिल्याबरहुकूम यंत्र धूत असे, आणि त्या प्रत्येक बाटलीची पावती मी जपून ठेवलेली आहे.

पुण्याचे पाणी गोड, हे विधान खडकवासल्यापुरते खरे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस पानशेत, वरसगाव, टेमघर या धरणांतून तेथे येतो. जमिनीच्या पोटात फार काळ न राहिल्यामुळे त्यात क्षार अल्प असतात. परंतु मी वाघोलीस राहतो. वाघोली 2021 साली महापालिकेच्या हद्दीत आली खरी, तथापि आमच्या सोसायटीचे पाणी अद्याप बव्हंशी टँकरचे आणि बोअरचे आहे. ते बेसॉल्टच्या भेगांतून झिरपत येते, आणि त्या खडकात कॅल्शियम किती भरलेले आहे याची साक्ष आमच्याच गावच्या दगडखाणी देतात; कारण कॅव्हन्साइट नावाचे जे निळे स्फटिक देशोदेशींचे संग्राहक हौसेने मिळवतात ते या खाणींतले, ते कॅल्शियमचेच एक सिलिकेट असते, आणि खडकाच्या पोकळ्यांत त्याच्या शेजारीच कॅल्साइटही सापडतो. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेण्याजोगी ठरवली आहे. पण माणसाच्या पोटाला जे चालते ते बॉयलरला चालेलच, असे नाही.

साखर ऊन पाण्यात अधिक विरघळते. चुन्याचे याच्या नेमके उलट आहे. शाळेत दुष्फेन जलाचा धडा आपण सर्वांनी घोकलेला असतो: पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, आणि मागे उरलेले कॅल्शियम कार्बोनेट जेथे धातू सर्वांत तप्त असेल तेथे प्रथम बसते. आमच्या लहानपणी तांब्याच्या बंबात जे पांढरे पापुद्रे धरत, आणि जे सणासुदीच्या आधी ठोकून काढावे लागत, तोच हा पदार्थ. बंबाला त्याने विशेष बाधा येत नसे. पण येथे नळ्या सुईच्या अग्रासारख्या, झडपा नाजूक, आणि पितळातून जी उष्णता झटकन जाते ती या पुटातून फार मंद जाते. परिणामी कॉफी कधी आंबट तर कधी जळकी उतरू लागली, दूध फेसाळणारी नळी वाफेऐवजी थुंकल्यासारखे पाणी टाकू लागली, आणि एके दिवशी पंप घरघरत राहिला व खाली थेंबही पडला नाही.

मी यंत्र रिक्षातून घेऊन कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात गेलो. तेथील मुलाने ते हाती घेतले, पाणी पडते त्या तोंडावरची जाळी बोटाने चाचपली, तिच्या कडेचा पांढरा पट्टा मला दाखवला आणि म्हणाला, ‘काका, आत सगळा क्षार झालाय. बॉयलर गेला.’ नवा बॉयलर घालण्याचा खर्च त्याने जो सांगितला तो यंत्राच्या मूळ किमतीच्या निम्म्याहून अधिक होता. हमीची मुदत संपलेली नव्हती, हे मी निदर्शनास आणून दिले. तेव्हा त्याने आतल्या दालनात जाऊन साहेबांना विचारले, आणि साहेब बाहेर न येता तो शेरा लिहिलेला कागद तेवढा बाहेर आला. मी पावत्या पुढे केल्या. ‘पावत्यांवरून क्लीनिंग केलं हे सिद्ध होत नाही,’ असे मला सांगण्यात आले. पाण्याचा आकडा तुमच्याच मनुष्याने लावला होता, असे मी म्हणालो, तर त्याची नोंद आमच्याकडे नसते, असे उत्तर मिळाले. नोंद नसते! माझी सही घेऊन जो कागद तो मनुष्य घेऊन गेला होता, त्याचे मग काय झाले, या प्रश्नाला तेथे कोणीच उत्तर दिले नाही.

याहूनही जी गोष्ट आजतागायत सलते ती मला घरी परतल्यावर दिसली. यंत्राच्या पाठीमागील स्क्रूंवर कारखान्यातून लाल रंगाचा एकेक ठिपका दिलेला असतो. स्क्रू फिरवला तर तो ठिपका तडकल्याशिवाय राहत नाही. चारही ठिपके अखंड होते. मी भिंग आणून पाहिले, पत्नीला दाखवले, शेजारच्या इंजिनिअर गृहस्थांना बोलावून दाखवले. त्यांचेही म्हणणे तेच पडले. याचा अर्थ यंत्र उघडलेच गेले नव्हते. जो बॉयलर कोणी डोळ्यांनी पाहिला नाही तो निकामी असल्याचा दाखला, आणि ज्या मनुष्याचे म्हणणे कोणी ऐकले नाही त्याच्या हयगयीचा निर्वाळा, हे दोन्ही एकाच वाक्यात आणि एकाच सहीनिशी देण्यात आले होते. चूक कोणाच्याही हातून होते व मी ती समजू शकतो. पण पाहणी न करता पाहणीचा निष्कर्ष लिहिणे ही चूक नव्हे, ते असत्य आहे, आणि सरकारी नोकरीत अशा मजकुराखाली सही करणाऱ्याची मी गय केली नसती.

मग मी ते काम स्वतः करण्याचे ठरवले. शेजाऱ्यांनी व्हिनेगर सुचवले. पण त्याचा दर्प रबरी कड्यांत आणि नळ्यांत दीर्घकाळ राहतो, म्हणून किराणा दुकानातून लिंबूसत्त्व आणले. लिटरभर कोमट पाण्यात साधारण 20 ग्रॅम ते विरघळवले. पाणी कढत घेऊ नये, द्रावण तीव्र करू नये, कारण तसे केल्यास चुना सुटण्याऐवजी कॅल्शियम सायट्रेटच्या रूपाने पुन्हा आतच बसण्याचा संभव असतो. तोंडावरची जाळी एका स्क्रूने सुटते. ती काढून वाटीभर द्रावणात टाकताच तिच्यावर बारीक बुडबुड्यांची साय धरली. टाकीत द्रावण ओतून पंप क्षणभर चालवायचा, बंद करायचा, वीस-पंचवीस मिनिटे स्वस्थ बसायचे, पुन्हा चालवायचा, असा क्रम सकाळपासून चालला होता. आरंभी पंपाचा आवाज कोंडल्यासारखा, जड येई आणि पाणी येत नसे. यंत्राला कान लावला तर आत मंद चरचर ऐकू येई. कार्बोनेट विरघळून वायू मोकळा होत असल्याचा तो आवाज होता, आणि तो ऐकू येत होता तोवर मला धीर होता. दुपार कलल्यावर पहिला थेंब आला, मग धार आली. दुधी, गढूळ, आणि तिच्याबरोबर नखाएवढे पांढरे पापुद्रे. पत्नी ते गाळणीत धरून ठेवत होती. काही वेळाने धार निवळली व तिला किंचित निळसर हिरवी झाक आली, तेव्हा मी तत्काळ थांबलो. चुना संपून आम्ल आता पितळातील तांब्याला लागले आहे, असा तिचा अर्थ होतो. त्यानंतर जिभेला आंबटपणा लागेनासा होईपर्यंत स्वच्छ पाण्याच्या टाक्या मागून टाक्या त्यातून काढल्या, पहिली कॉफी फेकून दिली, आणि दुसरी प्यालो. निकामी ठरवलेला तो बॉयलर आजही चालू आहे.

पुस्तिकेच्या मागील खिशात पाण्याची कठीणता तपासण्याची एक पट्टी सीलबंद पाकिटात होती; यंत्र बसवणाऱ्या मनुष्याने ती काढायला हवी होती. मी ती आमच्या पाण्यात बुडवली आणि सगळे चौकोन लाल झाले. ज्यांना असे यंत्र घ्यायचे असेल त्यांनी ही पट्टी आपल्या देखत बुडवून घ्यावी, लावलेला आकडा पावतीवर लिहून घ्यावा, आणि दुरुस्तीला देण्यापूर्वी यंत्राची चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ज्या पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, तेथील ग्राहकाने गप्प बसणे मला शोभणारे वाटत नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये जिल्हा आयोगाकडे द्यावयाचा तक्रारअर्ज मी लिहून काढला आहे. नुकसानभरपाईची मागणी त्यात नाही. तो शेरा रद्द व्हावा, एवढीच आहे. मात्र अर्जात त्या काउंटरवरच्या मुलाचा उल्लेख करावयाचा की नाही, येथे माझे घोडे अडले आहे. मी यंत्र उचलून निघालो तेव्हा तो दारापर्यंत आला होता आणि हलक्या आवाजात म्हणाला होता, ‘काका, एकदा लिंबूसत्त्वानं धुऊन बघा.’ त्या दिवशी मला त्याचा संतापच आला. ठाऊक होते तर आत साहेबांसमोर का बोलला नाही, असे वाटले. आज त्याच्याविषयी निश्चित काय वाटते ते मला सांगता येत नाही.

पाण्याचेही तसेच झाले. रागाच्या भरात मी यंत्रात निव्वळ आरओचे पाणी घालू लागलो होतो, तर कॉफी निर्जीव, पाणचट लागू लागली. कॅल्शियम व मॅग्नेशियम थोडेफार असल्याशिवाय कॉफीतील रस नीट उतरत नाही, आणि अगदी निःक्षार पाणी धातूलाही हितावह नसते, असे जाणकार सांगतात. त्यामुळे ज्या क्षारांना मी इतके दूषण दिले तेच आता मोजून मिसळतो: आरओचे पाणी अधिक, सोसायटीचे थोडे, आणि पट्टीचा एखादा चौकोन लाल होईल इतपतच. पत्नीचे म्हणणे मात्र असे आहे की टँकरच्या पाण्याची कॉफीच अधिक मऊ, कमी आंबट लागत असे. त्या पाण्यातील बायकार्बोनेट कॉफीचे आम्ल मारत असल्यामुळे तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच आहे, आणि मलाही कित्येक सकाळी तसेच वाटते.