मपला आवाज

‘डोरेमॉन आणि छोटा भीम, दोघांच्याही तोंडून एकच बाई बोलते,’ असे मी धाकट्या बहिणीला सांगितले, तेव्हा तिने मला चक्क वेड्यात काढले. ‘कायबी सांगतो का दादा!’ पण गोष्ट खरी होती. सोनल कौशल या कलावतीने हिंदीत या दोघांनाही आवाज दिला आहे. मग बहिणीने डोळे मिटले आणि दोन्ही कार्टून नुसती ऐकली. बऱ्याच वेळाने म्हणाली, ‘बाई एकच असंल, पर मानसं दोन हायत.’ सहावीतल्या पोरीचे हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. कारण तोंड एक आणि आवाज दोन, हे मी गेली दोन वर्षे स्वतःच अनुभवतो आहे.

आमचे गाव वसमत तालुक्यात. आई-वडील दोघेही दुसऱ्याच्या हळदीत रोजाने जातात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. पहिल्या वर्षी एकदा वर्गात सरांनी बाकावरचे पुस्तक उचलून विचारले, ‘हे कुणाचे?’ मी उभा राहून म्हणालो, ‘मपलं हाय, सर.’ वर्गात हशा पिकला. हसणाऱ्यांतले निम्मे तरी घरी तसेच बोलत असतील. पण ‘मपलं’ आणि ‘तुपलं’ या शब्दांत हसण्यासारखे काही असते, हे मला त्या दिवशी कळले.

त्या दिवसापासून मी दुसरा आवाज शिकू लागलो. रेडिओवरच्या बातम्या ऐकल्या, ‘न’ आणि ‘ण’ घोटून घेतले. सकाळी एस. टी.त चढेपर्यंत एक आवाज, उतरल्यावर दुसरा! हळूहळू मला त्याची सवय झाली, आणि खरे सांगायचे तर थोडा गर्वही झाला.

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी एकपात्री केली. हळद वेचणाऱ्या पाच बाया आणि एक मुकादम. मुख्य पात्र अर्थातच माझी आई. तिचे हेल, तिचे ‘आगं माय’, मोबाईल उलटा धरून ‘हॅलो, हॅलो’ करणे, सारे मी हुबेहूब उभे केले. पोरांनी सभागृह डोक्यावर घेतले. मला पहिले बक्षीस मिळाले.

मित्राने मोबाईलवर केलेले चित्रण बहिणीने आईला दाखवले. आईने ते शेवटपर्यंत पाहिले. मी दारात उभा होतो. ती म्हणाली, ‘आवाज मपलाच हाय. पर मी इतकी येडी हाय का रं, राजा?’ एवढेच. आणि भाकरीचे पीठ मळायला बसली. ती रागावली असती तर बरे झाले असते! वर्गातल्या त्या हशाने मी घायाळ झालो होतो, आणि तोच हशा मी माझ्या आईवर ओढवून आणला होता.

पुढे एका सरांनी लक्ष्मण देशपांडे यांचे ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ पाहायला सांगितले. देशपांडे मराठवाड्याचेच, विद्यापीठात नाट्यशास्त्राचे प्राध्यापक. १९७९ साली त्यांनी हा प्रयोग रंगभूमीवर आणला. एकटा माणूस आणि बावन्न पात्रे! वेशांतर नाही, की डोळे दिपवणारे नेपथ्य नाही. मराठवाड्यातल्या खेड्यातले वऱ्हाड विमानाने लंडनला जाते, आणि सारे गाव एकाच गळ्यातून बोलते. गिनीज बुकानेही त्याची दखल घेतली. २००९ साली देशपांडे गेले, पण मोबाईलच्या वीतभर पडद्यावरही ते वऱ्हाड अजून चालते-बोलते वाटते.

मी तो प्रयोग आईला दाखवला. आई पदर तोंडाला लावून खदखदा हसली. ‘ह्यो बाबा आपल्यातलाच हाय,’ म्हणाली. मी चपापलो. तिथेही बोली तीच, हेलही तेच, हसूही तेच. मग फरक कुठे होता? पुष्कळ विचार केल्यावर एवढेच उमगले, की देशपांडे त्या वऱ्हाडात स्वतः बसलेले आहेत. मी मात्र बांधावर उभा राहून बायांकडे बोट दाखवीत होतो.

तेव्हा आठवले, की लहानपणी उन्हाळ्याच्या रात्री अंगणात आईच आम्हाला सारी माणसे करून दाखवायची. मुकादम, कंडक्टर, बांगड्यावाली, आमची आजी! ज्या कलेचे मला बक्षीस मिळाले, ती तर मूळ तिचीच. एके रात्री मी धीर करून तिला म्हणालो, ‘माय, मपलं चुकलं. तूच नीट करून दाखीव.’ तिने करून दाखवले. मुकादम बोलण्याआधी घसा साफ करतो, आणि शेजारची म्हातारी प्रत्येक वाक्याआधी गुडघा धरते. हे मी कधी पाहिलेच नव्हते. ‘बोलनं मागून येतं रं,’ आई म्हणाली, ‘आदी मानसाचं दुखनं कळाया लागतं.’

अमेरिकेत मेल ब्लँक नावाचा कलावंत होता. बग्ज बनी ससा, डॅफी बदक, पोर्की डुक्कर, सारे त्याच्याच आवाजात बोलत. १९६१ साली मोटार अपघातानंतर तो बरेच दिवस बेशुद्ध होता. नावाने हाका मारूनही तो ओ देईना. शेवटी डॉक्टरांनी विचारले, ‘काय बग्ज बनी, कसं काय?’ आणि सशाच्या आवाजात उत्तर आले!

ही गोष्ट वाचली आणि मनात आले, तशा बेशुद्धीत मला कुणी हाक मारली तर मी कोणत्या आवाजात ओ देईन? एस. टी.तून उतरल्यानंतरचा आवाजही माझाच आहे. तो मी कष्टाने मिळवला आहे आणि तो मला टाकायचा नाही. पण त्या वेळी ‘माय’ असेच तोंडून निघेल, याची मला खात्री आहे.

यंदाच्या स्नेहसंमेलनात तीच एकपात्री पुन्हा करायची आहे. या खेपेस आई समोर बसणार आहे. तेवढ्यासाठी एक दिवसाचा रोज बुडवीन म्हणते.