पत्र्यावरचे सागवान

श्रीगोंद्याच्या माळावर आणि बांधावर दिसतात ती बाभूळ व कडुनिंब. सागवान येथे बाहेरून आणावयाचे, आणि म्हणून ते वाड्यांच्या दारांतच शोभावयाचे. आज आमच्या धर्मग्रामातील अनेक घरांना लोखंडी पत्र्याची दारे आहेत. एका कष्टकरी कुटुंबाने मुलीच्या लग्नापूर्वी आपले दार सागवानी रंगवून घेण्याचे ठरविले, तेव्हा "खोटा बडेजाव कशाला?" असे शेजाऱ्यांनी ऐकविले. मुलीचे वडील खजील होऊन आमच्याकडे आले. उत्तर देण्यापूर्वी आम्ही रंगाऱ्याचे काम पाहावयास गेलो.

गंज घासून रेड ऑक्साइडचा हात दिलेला होता, त्यावर फिकट पिवळसर ऑइलपेंट. तो पूर्ण वाळल्यावर रंगाऱ्याने पातळ केलेला तपकिरी रंग एका वेळी एकाच पट्टीला लावला. कारण पुढचे काम रंग ओला असेतोच उरकावे लागते. मग त्याने अर्धगोल रबरी हत्यार घेतले. त्यावर एकात एक कमानी कोरलेल्या असतात. ते वरून खाली ओढले की तपकिरी रंग जागोजागी निघून खालचा पिवळा उघडा पडतो. ओढता ओढता मनगट सावकाश झुकविले की सरळ रेषांच्या कमानी होतात आणि मधोमध गाठीसारखा डोळा उमटतो. हात मध्येच थांबला तर आडवा डाग राहतो. तो चिंधीने पुसून पुन्हा ओढावयाचे. शेवटी वार्निश.

खऱ्या फळीवर अशा कमानी दिसतात त्या खोडाची वार्षिक वलये तिरपी चिरली गेल्याने. इंग्रजीत या नक्षीला 'कॅथीड्रल' म्हणतात, हे आमच्या वाचकांस गमतीचे वाटेल! पाऊस कमी झाला की सागाचे वलय अरुंद पडते; पत्र्यावरच्या रेषांत मात्र कोणी 1972 चा दुष्काळ शोधू नये.

रंगाऱ्याचे खरे कसब आम्हांस सांध्यांत दिसले. पत्र्याला सांधा कुठला? तरीही त्याने उभ्या पट्टीच्या रेषा उभ्या, आडवीच्या आडव्या ठेवल्या आणि दोहोंमध्ये कागद चिकटवून रेषा नेमकी तोडली. "सुतारानं जोडलं असतं तसंच दिसाया पाहिजे, फादर," तो म्हणाला.

जॉन रस्किन या इंग्रज लेखकाने 1849 साली अशा रंगकामास फसवणूक ठरविले. दोनच वर्षांनी, 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात, थॉमस कर्शॉ या रंगाऱ्यास याच कलेसाठी पदक मिळाले. इमारतीवरील सोन्याचा मुलामा मात्र रस्किनला चालत असे. तो भरीव सोने आहे असे कोणी मानीतच नाही, म्हणून. त्याच न्यायाने आम्ही त्या पित्यास म्हटले, "खुशाल रंगवा. कडी वाजविली की लोखंड आपले नाव आपणच सांगते." हेच दार कोणी सागवान म्हणून विकू लागला, तर गोष्ट निराळी.

लग्नात दाराचे फार कौतुक झाले. तेव्हा काहींनी सुचविले की ख्रिस्तमंदिरातील पत्र्याचे वाचनपीठही तसेच रंगवावे. येथे मात्र आम्ही नकार दिला. मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण निर्देशांत, परिच्छेद 292 मध्ये, मंदिरातील साहित्य अस्सल असावे अशी स्पष्ट अपेक्षा आहे. थोडी कुरबूर झाली. पुढे बांधावरच्या एका कडुनिंबाच्या फळ्या मिळाल्या, त्यांचे वाचनपीठ झाले. त्याला जवसाचे तेल द्यावयास तोच रंगारी आला होता.