अम्मीची सकाळची गोळी

फजरची नमाज झाली की अम्मीच्या हातात पाण्याचा पेला आणि पित्ताची गोळी ठेवायची, हे ३ वर्षे माझे ठरलेले काम होते. गुडघेदुखीच्या गोळ्यांचा पोटाला त्रास होऊ नये म्हणून डॉक्टरांनी ती सोबत लिहून दिली होती. दुखण्याच्या गोळ्या महिन्याभरात बंद झाल्या. पँटोप्राझोल मात्र चालूच राहिली. दुकानदार चिठ्ठी मागत नव्हता आणि मीही कुणाला काही विचारत नव्हतो. दर महिन्याला न चुकता गोळ्या आणतो, याचेच मला समाधान!

मग अम्मीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना तोल जाई. रमजानमध्ये उभी राहून तरावीह पढणारी अम्मी खुर्चीवर बसून पढू लागली. वय झाले, असे म्हणून आम्ही गप्प बसलो. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी घरातली सगळी औषधे पिशवीत घालून आणायला सांगितली. रक्त तपासले, तर बी-१२ फारच कमी. पित्ताची गोळी हातात घेऊन त्यांनी विचारले, ‘‘ही कशासाठी?’’ मला उत्तर देता आले नाही.

त्यांनी समजावून सांगितले. जठरातले आम्ल आपले वैरी नाही. अन्नातले बी-१२ सुटे व्हायला ते लागते. ही गोळी आम्ल तयार करणारी यंत्रणाच दाबून ठेवते. व्रण किंवा घशाशी येणारी जळजळ असेल, तर काही आठवडे ती फार उपयोगी. वर्षानुवर्षे घेतल्यास मात्र बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. त्यात अम्मीची मधुमेहाची मेटफॉर्मिनही बी-१२ घटवणारी.

बी-१२ची इंजेक्शने सुरू झाली. पित्ताची गोळी आधी निम्मी, मग एक दिवसाआड, असे करत सुटली. मध्ये जळजळ उलटून आली. अम्मी म्हणाली, ‘‘बघ, मला गोळी लागतेच!’’ पण दाबलेले आम्ल काही दिवस जास्त सुटते, हे बाईंनी आधीच सांगितले होते. इशानंतरचे जेवण आम्ही मगरिबनंतर घेऊ लागलो. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या. इफ्तारची भजी कमी केली.

हे वाचून कुणी आपली गोळी मनानेच बंद करू नये. रोज ॲस्पिरिन घेणाऱ्या काही वृद्धांना ती खरोखरच लागते. काळी शौच, गिळायला त्रास किंवा घटते वजन असेल, तर लगेच डॉक्टरांकडे जावे. छातीतले दुखणे पित्ताचेच आहे, असेही घरीच ठरवू नये.

अम्मीच्या पायांच्या मुंग्या कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. आता कोणतेही औषध लिहून दिले की ती स्वतःच विचारते, ‘‘किती दिवस घ्यायची?’’ हा प्रश्न मी ३ वर्षांपूर्वी विचारायला हवा होता.