पंखा, छत आणि जयणा

नगरच्या कापडबाजाराच्या आसपासच्या जुन्या वाड्यांतून पंखा हा शोभेचा विषय कधीच नव्हता. माळवदाचे छत, सागाच्या तुळया, मधल्या तुळईला ठोकलेली कडी आणि तिला टांगलेला तीन पात्यांचा तपकिरी पंखा. दिवाळीपूर्वी पाती पुसली जात. एरवी त्याच्याकडे कोणी मान वर करून पाहत नसे. जाड भिंती आणि डोक्यावरचा मातीचा थर उन्हाला बाहेरच थोपवीत, त्यामुळे पंखा मंद फिरला तरी भागत असे. काळजी होती ती चिमण्यांची. तुळईच्या खोबणीत घरटे दिसले की घरातील वडीलधारी बाई पंख्याचे बटण कोणाला दाबू देत नसे. पिल्ले उडेपर्यंत सारे घर घामाने निथळे.

हीच कुटुंबे पुढे सावेडीकडे नव्या घरांत राहावयास गेली. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता खोलीत सोडतो. पंखा हवा थंड करीत नाही, ती केवळ हलवितो. अंगावरचा घाम वाळतो म्हणून गारवा वाटतो. वाड्यात जो सोयीचा होता, तो येथे अपरिहार्य झाला.

अशाच एका कापडव्यापारी कुटुंबाने दिवाणखान्याचे नूतनीकरण केले. इंटिरियर डिझायनरने पीओपीचे छत खाली घेतले, त्यात दिवे लपविले आणि मधोमध अक्रोडी रंगाचा, खाली दिवा असलेला देखणा पंखा बसविला. सूनबाईंना तो मनापासून आवडला आणि त्यात वावगे काही नव्हते; घर नीटनेटके असावे असे कोणास वाटत नाही? बाबूजींनी एवढेच विचारले, “बेटा, याची हवा कोचापर्यंत येईल ना?”

वैशाखात उत्तर मिळाले. पाहुणे आले की कोपऱ्यातून उभा पंखा ओढून आणावा लागे आणि तो नेमका नव्या टीव्ही युनिटसमोर उभा राही. शेवटी जुन्या ओळखीच्या वायरमनला बोलावले. त्याने पट्टी लावून दाखविले: पात्यांचा घेर तीन फुटांचा, खोली मोठी, आणि पाती छताला जवळजवळ चिकटलेली. पंखा वरची हवा ओढून खाली ढकलतो. पाती आणि छत यांत किमान एक फूट मोकळी जागा नसेल तर त्याने ओढायचे काय? शिवाय पीओपीतील दोन दिवे पात्यांच्या बरोबर वर आले होते. संध्याकाळी प्रतिक्रमणाची पोथी उघडली की पानावर सावल्या थरथरत. बाबूजी हे महिनाभर मुकाट्याने सोशीत होते.

डिझायनर पंख्याची जागा शेवटी ठरवितात, हीच मूळ चूक. दांडीची लांबी, घेर आणि दिव्यांचे स्थान पीओपीच्या आराखड्यापूर्वी निश्चित झाले पाहिजे, रंग नंतर.

मग चार फुटी, म्हणजे १,२०० मिलिमीटर घेराचा बीएलडीसी पंखा लांब दांडीवर आला. दिवे भिंतीकडे सरकले. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, हा सुमारे ३०. रोज १५ तास आणि वर्षातील ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे २०० युनिटे वाचतात. आठ रुपये दराने १,६०० रुपये. इन्व्हर्टरही अधिक वेळ टिकतो. छताच्या पंख्यांवर १ जानेवारी २०२३ पासून स्टार लेबल बंधनकारक आहे. दुकानात पात्यांवरील नक्षीआधी ते पाहावे.

बाबूजींच्या दृष्टीने मात्र हिशेब विजेपुरता नव्हता. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या नगरात वाढलेल्या पिढीला वायुकाय हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. साधू-साध्वी भर उन्हाळ्यातही पंखा वापरीत नाहीत, वस्त्रानेही वारा घेत नाहीत. गृहस्थाला ते साधत नाही, पण जयणा पाळता येते. बाबूजींची ४८ मिनिटांची सामायिक पहाटे पंख्याविनाच होते. नव्या पंख्याचा रिमोट त्यांनी स्वतःकडे घेतला, याचे घरात प्रथम हसू झाले. आता कोणी खोलीतून उठले की पंखा बंद होतो, रात्री गती पाचावरून दोनावर येते. “दादाजी, मी अजून इथेच आहे,” असे नातीला दिवसातून दोनदा ओरडावे लागते.

वाड्यातला तो तपकिरी पंखा भंगारात गेलेला नाही. दुकानाच्या गोदामात, कापडाच्या गाठींवर तो अजून फिरतो आणि ७५ वॅट खातो. मुलाने तो बदलण्याची गोष्ट दोनदा काढली. बाबूजी दोन्ही वेळा वहीत पाहत राहिले.